न बोलता भजन चालवायचं कसं

भजन सुरू झालं की कुणी कुणाशी बोलत नाही. तरी त्या तासाभरात बुवा (मुख्य गायक), मृदंगी आणि टाळकरी एकमेकांना शेकडो गोष्टी सांगतात: आता तुम्ही उचला, आता थांबा, लय पळतेय, पुढचं कडवं येतंय, हा शेवट. हे सगळं सुरांतून, ठोक्यांतून आणि थोडंफार नजरेतून चालतं. आवाज गोड असलेल्या मंडळींचंही भजन विस्कटतं. ते बहुधा गळ्यामुळे विस्कटत नाही, खूण उशिरा मिळाल्यामुळे विस्कटतं. म्हणून या सगळ्या लेखाचा एकच नियम आहे: बदल करायचा असेल त्याच्या एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक पूर्ण फेरी, आधी त्याची खूण द्यायची. खुणा कोणत्या, त्या कशा द्यायच्या आणि त्या कुठे चुकतात, ते पुढे आहे.

इथे पंधरा ते चाळीस माणसांचं, पखवाज (म्हणजेच मृदंग) आणि टाळावरचं भजन गृहीत धरलं आहे. पेटी असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

पट्टी आधी, अभंग नंतर

सर्वाधिक चुका पहिल्या मिनिटाच्याही आधी होतात. बुवा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी, म्हणजे ‘सा’ची उंची, धरतात आणि अंतऱ्याला वर गेल्यावर मागची रांग गप्प होते. तिला कंटाळा आलेला नसतो, वरचा सूर तिच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

उलटं करा. चालीतला सर्वात वरचा सूर शोधा. मागच्या रांगेतल्या साधारण आवाजाच्या दोघांना तो म्हणायला लावा. गळ्याच्या शिरा न ताणता, शब्द न दाबता तो निघाला तर पट्टी बरोबर. नाही निघाला तर अर्धा-एक सूर खाली या. नुसत्या पुरुषांच्या मंडळाला, चाल तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जाणारी असेल तर काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा ‘सा’) बरी पडते. महिला मंडळाला काळी चार किंवा पाच. फडावरचे तयार वारकरी गायक याहून बऱ्याच चढ्या पट्टीत गातात, ते ऐकून सोसायटीच्या मंडळाने तीच पट्टी धरू नये.

स्त्री-पुरुष एकत्र असतील तर खरी कसरत असते. तिथे काळी एक किंवा पांढरी दोन धरा, बायका वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या सप्तकात तेच सूर गातील. मात्र चाल एका सप्तकात मावणारीच निवडा. तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) वर धाव घेणारी चाल असेल तर बायकांचे आवाज चिरकतात. त्यांना दिलासा म्हणून पट्टी खाली आणावी तर पुरुष तळाशी घरघरतात.

पखवाज लावणं

पट्टी ठरली की मृदंग तिला लावायचा. उजवी, शाईची पुडी (चामड्याचं तोंड) षड्जाला. लाकडी गट्टे खाली सारले की चामड्याच्या वाद्यांचा (पट्ट्यांचा) ताण वाढतो आणि सूर चढतो. हा ढोबळ फरक झाला. बारीक फरकासाठी हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) घाव घालायचा, वरून खाली मारला तर सूर चढतो, खालून वर मारला तर उतरतो. एकाच ठिकाणी ठोकत बसू नका. एक घाव इथे, पुढचा समोरच्या बाजूला, असं फिरत जा. नाहीतर पुडीतून एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा सूर निघतो आणि ‘ना’ हा बोल फाटल्यासारखा वाजतो.

डाव्या पुडीला कणीक. गव्हाचं पीठ, पाणी, बाकी काही नाही, तेल-मीठ नको. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळायची, लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा घ्यायचा आणि पुडीच्या मधोमध ओल्या बोटांनी गोल पसरवायचा. कडा पातळ ठेवा. कणीक जास्त झाली तर आवाज खाली जाऊन बसका होतो, कमी पडली तर डावा टणटणतो आणि घुमारा येत नाही. उजव्याच्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली तो यायला हवा. चिमूटभर काढत किंवा लावत तिथे आणा. तासाभरात कणीक सुकते, सूर सरकतो. दोन अभंगांच्या मध्ये ओलं बोट फिरवून घ्यायची सवय लावा. भजन संपल्यावर ती खरवडून पुडी पुसून ठेवा, वाळलेली कणीक चामड्याला तडे पाडते.

पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो, उन्हात चढतो. मांडवात बसल्यावर पंधरा मिनिटं पखवाज तसाच ठेवून मग लावला तर पुन्हा लावावा लागत नाही.

टाळ: सर्वांना सम ऐकू येईल असा

टाळाची दोरी बोटाला दोन वेढे देऊन टाळाच्या बुडाशी धरायची. लांब सोडली तर टाळ लोंबकळतो आणि ठोका हाताच्या मागे पडतो. दोन्ही टाळ अगदी सपाट एकमेकांवर आपटले तर मध्ये हवा कोंडते आणि ‘फट्’ असा मेलेला आवाज येतो. एक टाळ किंचित तिरका ठेवून कडेकडे मारा आणि लगेच दूर करा, म्हणजे खुला, झणझणणारा नाद. मारून तसाच दाबून ठेवला की बंद नाद.

या दोन नादांचा उपयोग समेची, म्हणजे आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची, खूण म्हणून करता येतो. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात नव्या मंडळाला सुरुवातीला 1, 3, 5, 7 याच मात्रांवर ठोके द्या: एकवर खुला, बाकी तिन्हींवर बंद. आता डोळे मिटलेल्या माणसालाही सम कुठे आहे ते कळतं. महिनाभर असं वाजवलं की मग हवी ती नक्षी करा. पहिल्या दिवसापासून सगळेच आठही मात्रांवर खुला टाळ वाजवत असतील तर नाद एकसंध भरून राहतो, त्यात सम हरवते आणि मृदंग्याने काय सांगितलं ते बुवांपर्यंत पोचत नाही.

चाळीस जणांत चाळीस टाळ नकोत. बंदिस्त खोलीत सहा-आठ जोड पुरतात, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. टाळाचा नाद शब्दांतल्या व्यंजनांच्याच पट्ट्यात तीव्र असतो, त्यामुळे टाळ वाढले की पहिले बळी शब्द जातात.

ओळ देणं आणि ओळ सोडणं

मुख्य काम हे आहे. बुवांनी म्हटलेली ओळ मंडळींनी उचलायची, इतकंच दिसायला असतं. पण उचलायची केव्हा?

आधी कोणती ओळ पालुपद म्हणून फिरणार ते ठरवा. छापील गाथ्यात ‘ध्रु.’ ही खूण बहुतेक अभंगांत दुसऱ्या कडव्यापुढे असते. संगीत भजनात मात्र पुष्कळदा पहिलीच ओळ घोळवली जाते. दोन्ही चालतं. अर्ध्या लोकांच्या मनात एक आणि अर्ध्यांच्या मनात दुसरं असेल तर चालत नाही.

मग अभंगाचा सांगाडा बघा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. तो आखूड चौथा चरण ही कवितेतच बसवलेली जागा आहे. दोन अक्षरं कमी, म्हणजे तिथे श्वास आहे. मंडळींचा प्रवेश तिथूनच होतो. लहान अभंग आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा, त्यात अशी आयती जागा नसते. तिथे बुवांना शेवटचं अक्षर आखडून ती जागा करावी लागते.

सराव असा. ‘जय जय रामकृष्ण हरी’ घ्या, आठ मात्रांत बसवा. बुवांनी एकट्याने दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा ‘री’ आठव्या मात्रेपर्यंत ताणायची. दुसऱ्यांदा ‘री’ सहाव्या मात्रेवर सोडायची आणि सातवी-आठवी मात्रा पूर्ण रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या दोन मात्रांत मंडळी श्वास घेतात आणि समेवर एकदम येतात. हात दाखवावा लागत नाही. ताणलेला शेवट म्हणजे ‘मी अजून म्हणतोय’, सोडलेला शेवट म्हणजे ‘तुमची पाळी’. हे दोन शेवट जो बुवा काटेकोर वेगळे ठेवतो त्याच्या मागे नवखे लोकही दहा मिनिटांत नीट म्हणू लागतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे बुवा मंडळींच्या पाळीतही गातच राहतात, वर माईक त्यांच्यापुढे. मग आपली पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे मंडळींना कळत नाही. ती दबकत, अर्ध्या आवाजात बुवांच्या मागे ओढली जातात. उपाय एकच, त्यांच्या पाळीत तोंड बंद ठेवा. पहिल्या दोन-तीन आवर्तनांना उत्तर क्षीण येईल. येऊ द्या. तुम्ही मदतीला धावलात की ते कायमचं क्षीण राहतं.

नवं कडवं घ्यायचं असेल तेव्हा पालुपदाच्या शेवटच्या फेरीत बुवांनी कडव्याचा पहिला शब्द आठव्या मात्रेवरच हलका उच्चारून ठेवावा. ऐकणाऱ्यांना तो शब्द मिळाला की पुढची ओळ आपोआप आठवते. कीर्तनातले अनुभवी टाळकरी तर चाल बदलण्याआधी बुवांनी लावलेल्या एका सुरावरून पुढचं ओळखतात. पण ती वर्षांची संगत असते, तिच्यावर नव्या मंडळाने विसंबू नये.

कोकणातल्या डबलबारीत हीच देवाणघेवाण दोन बुवांमध्ये चढाओढीने होते. एकाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं. तिथेही कोरस झेल घेतो तो बुवांनी सोडलेल्या मात्रेवरच, त्यामुळे कोरस शिकवायचा असेल तर डबलबारी समोर बसून ऐकावी.

लय वाढवणं, आणि पळणारी लय आवरणं

सुरुवात मिनिटाला 80 ते 90 मात्रांवर ठेवा. मोबाइलवरच्या मेट्रोनोमने एकदा कानात बसवून घ्या, मग तो बंद करा. नामाच्या गजराला 150 पर्यंत जायला हरकत नाही. मध्ये हळूहळू सरकत जाऊ नका, दोन-तीन ठळक पायऱ्या करा. प्रत्येक पायरीची खूण मृदंग्याने द्यायची: एक आवर्तन ठेका भरून, दुप्पट अक्षरांत वाजवायचा पण लय तीच ठेवायची, आणि नंतरच्या समेला नवी लय धरायची. भरलेलं आवर्तन ऐकलं की टाळकऱ्यांचे हात सावध होतात. खूण न देता लय वाढवली तर मागचे अर्धे जुन्या लयीत राहतात आणि चार-पाच आवर्तनं नुसती ओढाताण चालते.

एकमेकांजवळ बसून केलेल्या भजनात लय आपोआप पळते. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या ठोक्याच्या जरा पुढे राहायला बघतो आणि रंग चढेल तसा हात हलका होतो. अशा वेळी बुवांनी ‘हळू, हळू’ म्हणून हात हलवला की गोंधळ वाढतो, कारण काहींना तो हात ‘आवाज कमी’ असा वाटतो. त्याऐवजी मृदंग्याने भरणा काढून टाकून ठेका उघडा करायचा आणि टाळांनी एक-दोन आवर्तनं फक्त 1 आणि 5 वर ठोका द्यायचा. ठोक्यांत अंतर पडलं की लय बसते. ही खूण आधी ठरलेली हवी. आमच्या मते मंडळाने दुसरं काही नाही शिकलं तरी एवढी एक खूण घोटून घ्यावी.

शेवट

शेवट ही सर्वात स्पष्ट द्यायची खूण, आणि नेमकी तीच गुळगुळीत राहते. तिहाई यासाठीच आहे. आठ मात्रांच्या आवर्तनात तीन ठोक्यांचा तुकडा तीनदा वाजवला की नऊ ठोके होतात आणि नववा पुढच्या समेवर पडतो. तोंडाने म्हणून बघा: समेपासून सुरू करून एका मात्रेला एक अक्षर, ‘वि-ठ्ठ-ला, वि-ठ्ठ-ला, वि-ठ्ठ-ला’. पहिला ‘ला’ तिसरीवर, दुसरा सहावीवर, तिसरा थेट समेवर. तुकडा दोनदा कानावर पडला की तिसरा कुठे संपणार हे न शिकलेल्यालाही कळतं, म्हणून चाळीस जण एका क्षणी थांबू शकतात.

मृदंग्याने तिहाई घ्यायच्या आधीच्या आवर्तनात बुवांकडे बघायचं. बुवांनी मान डोलावली तरच घ्यायची. तिहाई वाजली आणि बुवा पुढची ओळ गात राहिले, हा प्रकार एकदा झाला की त्या दिवशी पुढची प्रत्येक तिहाई लोक संशयाने ऐकतात आणि कुणीच थांबत नाही.

चालत्या दिंडीत

बसलेलं भजन साधलं म्हणून दिंडी साधेलच असं नाही, कारण तिथे अंतर मध्ये येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पहिल्या टाळकऱ्यापासून शेवटचा 35 मीटर मागे असेल तर पुढचा ठोका त्याला सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 150 मात्रांच्या गजरात एक मात्रा 0.4 सेकंदाची, म्हणजे तो पाव मात्रा मागे. त्याने ऐकून दिलेलं उत्तर पुढच्यापर्यंत परत येईतो अर्धी मात्रा गेलेली असते. पुढचे त्या उत्तराची वाट बघू लागले की लय ओढली जाते, बसलेल्या भजनाच्या अगदी उलट.

म्हणून दिंडीत कानापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवायची. पावली, म्हणजे ठेक्यावर टाकलेली पावलं, याच कामाची आहे. सगळ्यांचं पाऊल एका मात्रेवर पडत असेल तर मागच्याला पुढच्याचं पाऊल आणि वर उचललेले टाळ दिसतात, आणि दिसण्यात उशीर होत नाही. टाळ छातीशी न वाजवता समेच्या आधी खांद्याच्या वर न्या. मृदंग टाळकऱ्यांच्या रांगांमध्ये हवा, अगदी पुढे नको, मध्ये राहिल्याने दोन्ही टोकांचं अंतर निम्मं होतं. विणेकरी मृदंगाच्या जवळ. दिंडी फार लांब झाली असेल तर दोन मृदंग ठेवण्यापेक्षा रांगा रुंद करून लांबी कमी करणं बरं. दोन मृदंगी एकमेकांना उशिरा ऐकतात आणि भांडण वाढतं.

थांबण्याची खूणही दिंडीत डोळ्यांनीच मिळते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामावर समाज आरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात आणि चोपदाराने (सोहळ्याची शिस्त राखणाऱ्याने) दंड उंचावला की टाळ-मृदंग एकदम बंद होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकली जाते आणि त्यानंतर आरती होते. हजारो माणसं शांत असताना एका कोपऱ्यात टाळ वाजतोय म्हणजे तिथे काय चाललंय हे कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्या छोट्या दिंडीतही थांबण्यासाठी अशीच एक उंचावरची खूण ठेवा, पताका किंवा काठी, आणि ती एकाच माणसाच्या हातात द्या.

स्पीकर आणि ऑनलाइन सराव

ब्लूटूथ स्पीकरवर बुवांचा माईक जोडू नका. त्यातून आवाज बाहेर यायला बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, म्हणजे खोलीत बसूनही दिंडीच्या शेपटाला बसल्यासारखं होतं. वायरचाच स्पीकर घ्या आणि तो बुवांच्या मागे न ठेवता मंडळींच्या बाजूला, त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. माईक एक असेल तर तो बुवा आणि मृदंग यांच्या मध्ये ठेवा. टाळांना माईक कधीच नको.

परदेशातली महाराष्ट्र मंडळं झूमवर सराव घेतात. तिथे सर्वांनी एकदम म्हणणं शक्यच नाही, वेळेचा फरक दिंडीपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि प्रत्येकाचा वेगळा. एकाने गायचं, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून आपापल्या घरी उत्तर द्यायचं, हाच मार्ग. बुवांनी झूमच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करावं, नाहीतर सॉफ्टवेअर तंबोऱ्याला आणि टाळाच्या झणझणाटाला खोलीतला गोंगाट समजून कापून टाकतं. उत्तराच्या जागा बुवांनी पूर्ण आवर्तनाच्या रिकाम्या सोडाव्यात, त्यात मृदंग वाजत राहावा. समोरून काहीच ऐकू येत नसताना गप्प बसणं अवघड जातं आणि बुवा हमखास मध्येच गायला लागतात, म्हणून ती आठ मात्रांची शांतता बोटांवर मोजावी. शब्द आणि चाल अशी पाठ झाली की लय आणि शेवट यांचा सराव एकत्र बसूनच करायचा, तो ऑनलाइन होत नाही.